पोपटी लावणारा तो ‘एक माणूस’

शुक्रवारी कर्जतला इंग्रजीच्या वर्गात माझ्या तोंडून एक शब्द गेला... आणि तेव्हापासून सकाळी देवापुढे दिवा लावतानासुद्धा मला हसू येतंय.

माझं शिक्षण मॅट्रिकपर्यंत. रोजचं लिहिणं म्हणजे घरखर्चाची वही... दूध, किराणा, दिव्याचं तेल. आणि सणावाराला इथे फेसबुकवर तुमच्यासाठी चार ओळी. वाचनालयाच्या वरच्या खोलीत बायकांसाठी इंग्रजीचा वर्ग निघाला आणि फी नाही म्हणाले, म्हटलं मग सोडायचा कशाला? घातलं नाव!

आमच्या तनुजा मॅडमची पद्धत न्यारी आहे. आम्ही लिहिलेलं त्या आधी तमिळनाडूतल्या अशाच एका वर्गाला पाठवतात. तिथली एक बाई ते वाचते आणि न कळलेलं विचारते. माझ्या वाट्याला सेल्वी आली. शिवणकाम करते. तिला मराठी नाही, मला तमिळ नाही, आणि दोघींची इंग्रजी बेताचीच...

दोन्ही वर्गांची मिळून एक छोटी पुस्तिका छापणार आहेत. अट एकच, परक्या माणसाला लिखाण पुरतं समजलं पाहिजे. मला त्या पुस्तिकेत जायचंच होतं... खोटं कशाला बोलू?

मी पोपटीवर लिहिलं. आपल्याकडे थंडीत शेतावर जाळात मडकं ठेवून लावतात ती. आमच्या घरची बिनमांसाची, तिचा पहिला घास गावदेवीला. कागदावर आधी ‘श्री’ काढला आणि खाली हिशेबाच्या वहीत लिहावं तसं लिहून टाकलं. मडकं घेतलं. पाला, वालाच्या शेंगा, बटाटे भरले. एका माणसाने जाळ केला. सगळे जेवले. छान झालं. संपलं!

सेल्वीचे प्रश्न आले. पाणी कुठे आहे? पाण्यावाचून शिजतं कसं? पाल्याचा वास कसा असतो? आणि शेवटी... हा ‘एक माणूस’ कोण? पैसे देऊन बोलावलेला आचारी का?

मी खुर्चीतच हसत सुटले. आचारी कसला... ते आमचे हे! पण यांचं नाव मी लग्नानंतर कधी सरळ घेतलेलं नव्हतं. घेतलं ते उखाण्यात, चार बायकांनी दार अडवलं तेव्हा. बोलताना ‘अहो’ म्हटलं की भागतं. इंग्रजीत काय करू?

बाकीच्या प्रश्नांसाठी मी यांना पुन्हा पोपटी लावायला सांगितली. इतकी वर्षं मी शेतावर जायची ती शेंगा निवडायला आणि वाढायला. जाळाजवळ बसून बघितलं ते या खेपेला. भांबुर्ड्याचा पाला हातावर चुरून वास घेतला... थोडा ओव्यासारखा, थोडा भिजलेल्या मातीसारखा. मराठीत नुसतं ‘भांबुर्डा’ म्हटलं की झालं, मग वास कोण शोधतो? आमचे हे मडक्याचं तोंड पाल्याने गच्च बंद करतात, ते उपडं घालतात, भोवती पेंढा पेटवतात. शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. मग शिजलं का ते कळायला मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडून, डोळे मिटून, हे चर्र आवाज ऐकतात. डोळे मिटतात हे मला माहीतच नव्हतं!

“काय बघतंस एवढं? आज काय नवीन हाय?” हे म्हणाले.

“अभ्यास,” मी म्हटलं.

राहिलं नाव. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, “कागदावं लिवतंस ना गं? तोंडानं थोडंच घेतंस! लिव बिनधास्त. देवाचं नाव नाय का लिवत?”

लिहिलं. बाकीचंही नव्याने लिहून काढलं.

आणि शुक्रवारी मॅडम म्हणाल्या, आज व्हिडिओ कॉलवर सेल्वीच्या वर्गाला आपापलं लिखाण मोठ्याने वाचून दाखवायचं! त्यात हे स्कूटर घेऊन मला न्यायला आलेले, उन्हाचे वर येऊन दारात उभे. मनात गावदेवीला हात जोडले आणि वाचायला लागले. पाला आला, मडकं आलं, जाळ आला... आणि मी नाव घेतलं. उखाणा नाही, काही नाही. सरळ!

हे दारातून एकदम जिन्याकडे वळले. वर्गातल्या बायकांनी अशा टाळ्या पिटल्या की विचारू नका. सेल्वीने पडद्यावर डोळे मिटून दाखवले आणि म्हणाली, आता मला तो दिसतो. मॅडमनी माझा कागद पुस्तिकेच्या गठ्ठ्यात ठेवला!

परत येताना स्कूटरवर मी यांच्या मागे बसले. मला वाटलं, रागावले. गावाचं वळण आलं तेव्हा मागे न बघता म्हणाले, “तिकडं तमिळनाडूत समद्यांना म्हायत झालो म्हन मी. आनि हितं तुझ्या फेसबुकवं मी अजून ‘आमचे हे’च काय गं?”

खरंच की! थोडक्या शब्दांच्या परक्या भाषेने मला माझ्याच घरातला माणूस नीट बघायला लावला. देवाची, सेल्वीची आणि मॅडमची मी ऋणी आहे. पण ज्या भाषेत संसार केला तिच्यातच ही ओळख करून द्यायची राहून गेली होती.

तर मंडळी... आमच्याकडे पोपटी बळीराम लावतात. डोळे मिटून मडक्याचा आवाज ऐकतात. ते माझे यजमान.