चाकाखालचा धोंडा

मुलगी जमिनीवर गुडघे टेकून, पोटाशी उशी दाबून, कपाळ थेट फरशीला लावून बसली होती. चतुर्थी करून आम्ही पेडण्याच्या घरून डिचोलीला नुकतेच परतलो होतो. बायको करंज्यांचे डबे रिकामे करत म्हणाली, "नेवऱ्या मोजून खायला सांगितलं होतं." मी दारातच थांबलो. ती बैठक मला ठाऊक होती. माझा थोरला भाऊ तरुणपणी अगदी असाच बसायचा. मुलीने त्याला तसे कधीच पाहिले नव्हते. तिच्या शरीराने ती बैठक आपणहून शोधून काढली होती.

दादा पाळीच्या खाणीवरून आमोण्याच्या धक्क्यापर्यंत खनिजाचा ट्रक चालवायचा. मधूनच त्याच्या पोटात अशी कळ यायची की गाडी कडेला लावून तो ट्रकच्या सावलीत कपाळ टेकून बसायचा. जाणारेयेणारे बघायचे आणि हसायचे. ट्रकवाला माणूस पोट धरून रस्त्यावर बसला, म्हणजे दुसरे काय असणार? बाबांनाही तेच वाटले. त्यांनी ग्रामदेवाला प्रसाद लावला, म्हणजे मूर्तीवर फुलाच्या पाकळ्या चिकटवून देवाला विचारले: दारूमुळे होत असेल तर उजवी पाकळी दे. उजवी पडली. मग नारळ ठेवून दादाकडून वदवून घेतले की आजपासून दारूला शिवणार नाही. दादाने मुकाट्याने शब्द दिला. तेव्हापासून गावात त्याला मान आहे, दारू सोडलेला माणूस म्हणून. दुखणे मात्र राहिलेच, नंतर साखरही आली. आता तो वाळून काडी झाला आहे, इन्सुलिन घेतो आणि जेवणाबरोबर पचनाच्या गोळ्या.

मुलीच्या तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्वादुपिंडाला सूज आहे, या वयात सहसा दिसत नाही. "घरात कोणाला असा त्रास आहे?" मी दादाचे सांगितले. त्यांनी विचारले, "ते दारू घ्यायचे?"

मी म्हणालो, "लोक म्हणतात तसं."

"लोकांचं नको, त्यांना विचारून या. दारूमुळे झालं असेल तर त्याचा हिच्याशी संबंध जोडायची घाई नको. नसेल, तर घराण्यातूनच काही आलंय का ते बघावं लागेल."

घराण्यातून म्हणजे माझ्यातून. हे त्यांनी म्हटले नाही, पण मी बायकोकडे बघायचे टाळले.

पुढच्या रविवारी मी पेडण्याला गेलो. दादा सोप्यावर बसून चहात पाव बुडवत होता. मी बसलो आणि सगळे एका दमात सांगून टाकले. मुलगी कशी बसली, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, दारू असेल तर काय आणि नसेल तर काय. मग विचारले, "दादा, खरां सांग. तू तेव्हा घेय होतंस मा?"

आज मला कळते की बाबांनी देवाला घातला होता तसाच प्रश्न मी त्याला घातला होता. कुठली पाकळी हवी ते आधीच सांगून. माझा सख्खा भाऊ दारुडा असावा, अशी मी मनापासून इच्छा करत होतो. मुलीच्या भीतीने मला तिथवर आणले होते, आणि त्याची लाज मला नंतर वाटली, तेव्हा नाही.

त्याने पावाचा भिजलेला तुकडा खाल्ला. माझ्याकडे बघितले.

"घेय होतंय रे बाबू," तो म्हणाला. "ट्रकवाले सगळेच घेयत. देवासमोर सोडलंय, तुका म्हायत आसा मा? मगे? तुझ्या चेडवाक काय्येक जावचा नाय. जा तू."

परतताना मी म्हापशाला उतरून मुलीसाठी चपला घेतल्या. बायकोला सांगितले, डॉक्टरीणबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, मग थोडे थांबून बघू. ती पावसाळ्याच्या शेवटची उघडीप होती, मुलगी शाळेत जात होती, आणि मी जेवताना पुन्हा चव घेऊन जेवू लागलो.

मग एका दुपारी शाळेतून फोन आला. ती वर्गातच वाकली होती. यावेळी ओकारी थांबत नव्हती. तिला सलाईन लावले आणि मी खाटेशी उभा राहून तिचे ओठ बघत राहिलो. ते कोरडे, पांढरे पडले होते. दादाला मी कळवले नव्हते. बायकोने कळवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. दोन बस बदलून, कापडी पिशवीत इन्सुलिन घेऊन. मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाला, "डॉक्टरांकडे व्हर माका."

बाईंच्या समोर तो खुर्चीच्या कडेवर बसला. "मी आयुष्यात थेंब घेवंक नाय," तो म्हणाला. "ह्या माझ्या भावाक खोटां सांगलंय."

"का सांगितलंत?"

"तो रडाक इल्लो होतो."

बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "पण तुम्ही देवासमोर दारू सोडलीत ना?"

"सोडलंय. न घेतलेली सोडूक सोपी पडता."

बाई हसल्या नाहीत. मी तर मानच वर केली नाही. माझ्यासाठी तो पुन्हा एकदा दारुडा झाला होता, आणि मी त्याचे ते देणे घेऊन चपला विकत घेत फिरलो होतो.

मग बाईंनी समजावले. स्वादुपिंड पचनाचा रस तयार करते. तो रस इतका जहाल असतो की आतड्यात पोचण्याआधी जागा झाला तर ग्रंथीलाच खातो. म्हणून त्याच ग्रंथीच्या पेशी रसाबरोबर एक छोटेसे प्रथिन सोडतात. चुकून आधी जागे झालेल्या रसाला ते पकडून ठेवते. ते प्रथिन कसे बनवायचे ते एका जनुकात लिहिलेले असते. स्पिंक-वन म्हणतात त्याला. काही घराण्यांत त्या जनुकात बदल असतो आणि ही राखण कमी पडते.

दादा लक्ष देऊन ऐकत होता. "म्हणजे चाकाखालचो धोंडो," तो म्हणाला. "चढावार भरलेलो ट्रक उभो केलो की ब्रेक आसताच. तरी मागच्या चाकाखाली धोंडो लावचो लागता. आमचो धोंडो ल्हान."

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या.

आम्हा तिघांचे रक्त बाहेरगावी गेले. अहवाल येईपर्यंत मी ऑफिसात टेबलाशी बसून फक्त दाराकडे बघत असे. आला तेव्हा कळले: दादाच्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत बदल आहे. माझ्या एका प्रतीत आहे. मुलीच्याही एका, आणि ती माझ्याकडून गेलेली. बाई म्हणाल्या, एक बदललेली प्रत पुष्कळ लोकांत असते आणि बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. तिला का झाले ते नक्की सांगता येणार नाही, आणखी कारणे असू शकतात. तेलकट कमी, दारू-तंबाखू कधीच नाही, साखर तपासत राहायची. दादासारखे होईलच असे नाही. होणार नाही असेही त्या म्हणाल्या नाहीत.

मला एकदाही पोटात कळ आलेली नाही. मी नेवऱ्या खातो, भजी खातो. जे माझ्यात इतकी वर्षे गुपचूप पडून राहिले ते तिच्यात जागे झाले. मुद्दाम दिले नाही हे मला कळते, तरी दिले मीच.

बायको म्हणाली, एकदा गावी जाऊन प्रसाद लावू या. दादाला विचारले तर तो म्हणाला, "लाव. पण काय विचारतलंस तां आदी ठरय." मला अजून ठरवता आलेले नाही.

परवा सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला. मुलीने पाव आणले, लोणी न लावता चहाबरोबर खाल्ले, दप्तर पाठीला लावले आणि दारात एकदम खाली वाकली. माझ्या हातातला कप बशीवर आपटला. ती चपलेचा पट्टा लावत होती.

"बाबा," ती वर न बघता म्हणाली, "दर वेळी असं बघू नका. दुखलं तर मी सांगेन."

मी बरं म्हणालो. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत दारात उभा राहून तिची पाठ सरळ आहे ना ते बघत राहिलो.