जुन्या फाइलीतला आवाज

राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी माझा लॅपटॉप घेऊन बसलो होतो. शेजारी गडमुडशिंगीच्या एक बाई होत्या. साठीच्या असतील. पदर गळ्याभोवती घट्ट लपेटलेला. त्यांच्या बिघडलेल्या कॉम्प्युटरची अख्खी नक्कल मुलाने एका फाइलीत काढून ठेवली होती, पण नव्या मशीनवर ती फाइल उघडत नव्हती.

"फाइल उघडली," दुकानदार म्हणाला. "पण आतला प्रोग्राम लई जुना हाय, ह्या मशीनवर चालत न्हाय. थांबा, ह्याच्यातच जुनी सिस्टीम बसवतो."

बाईंनी नुसती मान हलवली. बऱ्याच वेळाने पडद्यावर पाढ्यांचा खेळ सुरू झाला. दुकानदाराने एक चुकीचं उत्तर दाबलं आणि स्पीकरमधून एका बाईचा खणखणीत आवाज आला, "चुकलं की बाळा. परत सांग बघू."

मी दचकून दाराकडे पाहिलं. कोणी आलं नव्हतं. शेजारच्या बाईंनी गळ्यावर हात दाबून धरला होता.

"माझाच हाय," त्या म्हणाल्या. आवाज कसला, नुसता वारा होता. मी कान पुढे केला. "मी शिकवायची त्या शाळंतल्या पोरांसाठी भरलेला. मग घशाचं ऑपरेशन झालं. नातीला वाटतंय, आज्जी पहिल्यापासनं अशीच हाय."

दुकानदाराने माउस त्यांच्या हाती दिला. पडद्यावर सात त्रिक किती, असं विचारलं होतं. आयुष्यभर पाढे शिकवलेल्या त्या बाईंनी बावीस दाबलं. मग पुन्हा बावीस.