वळणावरचे बूट

"आधी टाच रोव, मग वर बघ," असं म्हणून फौजी काका डोंगर चढायला लागायचे. निजामाच्या फौजेतून त्यांनी घरी आणलं ते एवढंच, जाड चामड्याच्या बुटांचा एक जोड. तळाला खिळे ठोकलेले. एक बूट उचलायला मला दोन्ही हात लागत. मी तेव्हा चौथी होऊन घरी बसले होते.

अहमदपूरकडच्या आमच्या गावात बहुतेक सगळे अनवाणी. बायका काकांना छेडायच्या.

"भाऊजी, बायको न्हाई म्हणून बुटालाच तेल लावून राहिले का?"

"हाव वहिनी. हे उलटून बोलत न्हाईत."

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, जो दिसायच्या आधी ऐकू येतो.

मग गावात उंदीर मरून पडू लागले. प्लेग आला की गाव सोडायचं, ही रीतच होती. सगळे डोंगरावर झोपड्या घालून राहिले. गाठ आलेल्या माणसाला वर आणायचं नाही, असं ठरलं. निघायच्या दिवशीच माझ्या मायच्या काखेत गाठ आली. ती खाली राहिली. बाबांना लोकांनी अडवलं. "खाली गेलास तर वर घेणार न्हाई. पोरींकडं बघ."

रोग जमिनीतून तळपायात चढतो, असं सगळे मानत. काका म्हणाले, "माझ्या पायात फौजेचं कातडं हाय. मी जातो."

त्यांना मात्र जाऊ दिलं. रोज ते मायसाठी पाणी अन् आंबील घेऊन उतरत. मी वाटेच्या तोंडाशी बसायची. दगडावर खिळे वाजले की पळत जायची.

"दोन घोट पिली," ते सांगत. "तुझी वेणी कोण घालतंय, इचारत होती."

एके दिवशी ते आले ते थेट बाबांकडं गेले. बसून बूट काढले, बाबांपुढं ठेवले.

"एकट्याला उचलणं व्हायचं न्हाई. चला. हे घाला."

"अन् तुमी?"

"मला मागं कोण हाय?"

बाबांचे पाय लहान. आत चिंध्या कोंबून ते अडखळत उतरले. पुढं काका, अनवाणी. "टाच रोवा," म्हणत होते. दुपारी ओढ्याच्या बाजूला धूर दिसला. माझी धाकटी बहीण विचारत होती, तिथं काय शिजतंय.

संध्याकाळी बाबा वर आले. पायात बूट होते, म्हणून त्यांना कुणी अडवलं नाही. काका मात्र खालच्या वळणावरच थांबले. अनवाणी गेलेल्याला वर घेणार नाहीत, हे त्यांना जाताना ठाऊकच होतं. बाबा सगळ्यांच्या हातापाया पडले. कुणी मान वर केली नाही.

"ऱ्हाऊ द्या," काका खालून ओरडले. "आंबील तेवढी ठेवत जा हितं."

बाबा रोज वळणावर भांडं ठेवत. शेजारी बूटही ठेवले, पुसून. सकाळी भांडं रिकामं असायचं. बूट तसेच.

मग एका सकाळी भांडंही भरलेलंच होतं. बाबांनी ते ओतलं, नवी आंबील ठेवली, आणि बुटांची तोंडं वर डोंगराकडं वळवली.

मी खिळ्यांच्या आवाजासाठी कान देऊन बसले.