उपकारस्तुतीचं पाणी

पत्नी गेल्यावर मी प्रार्थना करत होतो, पण ती ऐकणारा कुणी आहे असं वाटत नव्हतं. मी पारनेर तालुक्यातल्या एका खेड्यात राहणारा निवृत्त शिक्षक. तिच्यामागे उरली होती तिनं स्वतः लावलेली संत्र्याची वीस झाडं. उन्हाळ्यात आमची विहीर आटली, झाडांची पानं गळू लागली, आणि ती दुसऱ्यांदा जाते आहे असं मला वाटलं. मी बोअरची गाडी बोलावली. किती तरी वेळ नुसता फुफाटाच वर येत राहिला, तेव्हा मी बांधावर गुडघे टेकले. पाचशे फुटांवर पाणी लागलं. रविवारी चर्चमध्ये उभं राहून, देवानं पाणी दिलं अशी मी साक्ष दिली, उपकारस्तुती केली, आणि कित्येक महिन्यांनी रडलो.

त्याच आठवड्यात शेजारच्या ठकूबाईंच्या विहिरीनं तळ गाठला. त्यांच्या दोन गाई त्याच पाण्यावर होत्या. भरदुपारी त्या रिकामा हंडा घेऊन आल्या.

"मास्तर, तुमच्या देवानं आमच्या हिरीचं पानी काढून तुमाला दिलं व्हय?"

"मला ठाऊक नव्हतं, आक्का."

"एवढं शिकल्यालं मानूस! जमिनीच्या खाली बी बांध घातल्यात व्हय?"

मी त्यांचा हंडा भरून दिला. त्यानंतर चार दिवस मी झाडांना पाणी घातलं नाही, आणि ती सोडून द्यायचीही हिंमत होईना. "प्रभो, मला हे जमत नाही," एवढंच म्हणत राहिलो. हे मी कुणाजवळ बोललो नव्हतो. पाचव्या दिवशी सकाळी ठकूबाई कोयता आणि उसाच्या पाचटाचा भारा घेऊन आल्या.

"फांद्या उतरवा. भार हलका झाला तर झाड थोड्या पान्यावर तग धरतं. बुडाला पाचट हातरा. बोअरचं पानी प्यायला आन् जनावरांना."

"ही तिनं वाढवलीत, आक्का."

"ठाव हाय. माजा बी मालक गेला. फांदी धरून बसल्यानं मानूस माघारी येत न्हाई. धरा कोयता."

पहिली फांदी तोडताना मला रडू आवरेना. त्या पाचट पसरत राहिल्या.

पुढच्या रविवारी मी पुन्हा उभा राहिलो आणि ते पाणी शेजारच्या विहिरीचं होतं असं सांगून माझी साक्ष मागे घेतली. मंडळी खाली बघत होती. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या शेतात बोअर आहेत.

सात झाडं जगली, तीही खुरटी. ठकूबाईंची विहीर अजून कोरडीच आहे. आमच्या बोअरवर आता दोन घरांचं आणि दोन गाईंचं भागतं, आणि तेही पाणी किती दिवस पुरेल कोण जाणे. प्रार्थनेत मी झाडं मागत नाही. माझ्या हाती कोयता देणारी बाई त्यानं बांधावरून धाडली, तिच्याबद्दल उपकार मानतो, आणि उरलेलं त्याच्यावर सोडतो.