मालिकेवरची कादंबरी

शंकर नगरच्या आमच्या मराठी वाचन मंडळात एक रीत आहे: सगळ्यांचं एकमत झालं तरच पुस्तक कपाटात जातं. त्या रविवारी अंतराळात घडणाऱ्या एका टीव्ही मालिकेवर बेतलेली कादंबरी चर्चेला होती.

"ही कादंबरी नाही, मालिकेची जाहिरात आहे," निवृत्त प्राध्यापक म्हणाले. मालिकेची भक्त असलेली एक पोट्टी वेगळ्याच कारणानं चिडली होती. "काका, सीरियल में तो कप्तान घर लौटता है!"

पुस्तकात तो परतत नाही. वडील मरणाला टेकलेत हे कळूनही 'काम आहे' म्हणत राहतो.

मी एरवी मान हलवून गप्प बसणारा. त्या दिवशी बोललो. "माझे वडील गावी, अभनपुरला आजारी होते. तासाभराचा रस्ता, पण मी गेलो नाही. मलेही काम होतं. ते गेले तेव्हा रडलो नाही, तुमची थोर पुस्तकं वाचूनही नाही. हे वाचून रडलो."

प्राध्यापक म्हणाले, "म्हणून काय ते साहित्य झालं?"

"नका म्हणू साहित्य, सर. पण मी हे आता कपाटात ठेवून राहिलो."

आणि ठेवलं. रीत मोडल्याचं मला जराही वाईट वाटत नाही.