गार हात

मैत्रिणींनो, आज वडगाव रासाईत गृहभेट होती. बाळंतपणाचा चौदावा दिवस. बाळ आठव्या दिवशीच गेलं, पण आईला तपासायला जावंच लागतं.

बाळाचं वजन करायचा झोळीचा काटा मी मुद्दाम गाडीच्या डिकीतच ठेवला. अशा घरात तो दिसू द्यायचा नाही, एवढं इतक्या वर्षांत कळलंय.

सासूबाई म्हणाल्या, "दूध दाटलंय तिला. अंगाला हात लावू देत न्हाई."

मी त्या पोरीजवळ खाली बसले आणि दोन्ही तळहात एकमेकांवर घासायला लागले. बाळाला हात लावण्याआधी ऊब यावी म्हणून रोज घासते, तसेच.

ती बघत होती. म्हणाली, "सिस्टर, आता गार असले तरी चालत्याल."

मग मी तपासलं. ताप नव्हता. दुधासाठी काय करायचं ते सांगितलं, गोळ्या दिल्या. सासूबाईंनी चहा दिला, तो प्यायले.

पुढच्या घरी बाळ होतं. त्याला तसंच गार हातांनी उचललं. ते दचकून रडलं, तेव्हा लक्षात आलं, हात घासलेच नव्हते.

काटा डिकीत ठेवता येतो. हात कुठं ठेवता तुम्ही?