अक्कानं गाडी उंच केली

माझी अक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. तिचं लग्न होऊन ती दुबलगुंडीला गेली तेव्हा मी पाटी घेऊन शाळेत जात होतो. पुढं मी बिदरला हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागलो, तिथंच मैलूर भागात खोली घेतली, आणि तोवर अक्का चाळीस एकर काळ्या रानाचा कारभार बघायला लागली होती. मालक म्हणायचे तर दाजी. पण त्यांचं कापडाचं दुकान हुमनाबादला. सकाळी पूजा करून निघायचे, दिवेलागणीला परतायचे. शेतातलं कुणी काही विचारलं तर म्हणायचे, "तिला विचारा. तिला कळतंय." आणि तिला खरंच कळायचं.

तिचं दुखणं एकच होतं, मूग. आमच्याकडं मूग-उडीद ऐन पावसाळ्यात पिकतात. शेंगा काळ्या पडल्या की चार-सहा दिवसांत तोडून घरात आणाव्या लागतात. मधेच झड लागली तर शेंगेतच मोड येतात. अक्काचं मुगाचं रान ओढ्यापलीकडं, रस्त्यापासून दीड मैल आत. काळी माती भिजली की बैलगाडीचं चाक तुंब्यापर्यंत, मधल्या गाभ्यापर्यंत रुतायचं आणि बैल गुडघे टेकायचे. एका वर्षी तोडलेल्या शेंगा रानातच ताडपत्रीखाली आठवडाभर अडकल्या. ताडपत्री उचलली तर आत कोंबांची हिरवी गादी. मला वाटलं, आता ही रडणार. ती रिकामी पोती झटकून त्यांच्या घड्या घालत होती. शेवटची घडी घालून म्हणाली, "तम्मा, धरणाच्या कामावर चारी चाकांनी वढणाऱ्या गाड्या हायत म्हणं. त्यातली एक मोडीत काढायलेत. चल, बघून येऊ."

तम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. माझं नाव तिनं कधी घेतलंच नाही.

ती गाडी म्हणजे जुनी पिकअप होती. पुढं दोघं-तिघं बसतील एवढी जागा, मागं उघडा हौदा. काचेला तडा, सीटमधून काथ्या बाहेर आलेला. मी नाक मुरडलं. अक्कानं पदर खोचला आणि सरळ गाडीखाली वाकली. तिला तेव्हा इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी पाच मिनिटं ती खालून सगळं निरखत राहिली, आणि लिलावात तिनं ती गाडी घेतली.

लॉरीच्या मागं बांधून गाडी बिदरला आणली. मैलूरला माझ्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर मोटारी दुरुस्त करणाऱ्या उस्तादांचं पत्र्याचं शेड होतं. साठी उलटलेली, दाढी मेंदीनं लाल, उजव्या हाताची करंगळी अर्धी. निजामाच्या राज्यात मोटारींवर हात बसलेला माणूस. त्यांनी दोन दिवस गाडी खोलून पाहिली आणि मला बोलावलं.

"मास्टरसाब, चार चाकां बस नाम के हैं. आगे का शाफ्टच गायब है."

इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना पोचवणारा दांडाच कुणीतरी काढून नेला होता. उस्तादांनी भंगारातून दुसऱ्या गाडीचा लांब शाफ्ट आणला, मधोमध कापला, मापाचा करून जोडला. व्हॉल्व्ह घासले, टाकीतला गंज धुतला. महिन्याभरात गाडी चालू झाली. त्याच महिन्यात अक्का दर रविवारी बसनं यायची आणि शेडमागच्या मैदानात गाडी शिकायची. उस्ताद शेजारी बसून "आहिस्ता, आहिस्ता" म्हणायचे. मैलूरची पोरं कुंपणावर बसून बघायची. तिला त्याचं काही वाटायचं नाही.

पाऊस झाल्यावर दुबलगुंडीत पहिली चाचणी घेतली. स्वतः उस्ताद चालवायला बसले. शेताच्या धुऱ्यावरून गाडी काळ्या रानात उतरली, पन्नास पावलं गेली आणि थांबली. चारी चाकं फिरत होती, पण जागेवरच. टायरच्या खाचा चिखलानं भरून चाकं गुळगुळीत झाली होती. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखलाचा लोंदा गच्च बसला होता. गावातली माणसं गोळा झाली. एकानं विचारलं, "बाई, बैल आणू का?" शेवटी दोन बैलजोड्यांनी ती चार चाकांची गाडी ओढून काढली. उस्ताद मान खाली घालून हात धूत राहिले. मी म्हणालो, "अक्का, विकून टाक."

"कामून?" ती म्हणाली. ती चाकाजवळ उकिडवी बसून बोटांनी चिखल उकरत होती. "हे बघ. चिखल आत जायलाय, बाहेर पडायला वाटच न्हाई. बैलगाडीच्या चाकावर काही झाकण असतंय का? आन् चाक बघ, किती उंच आन् किती अरुंद. वरचा चिखल कापून खालच्या कडक मातीला टेकतंय. आपल्या गाडीला नेमकं उलटं केलंय."

पुढच्या रविवारी ती शेडमध्ये आली. माझ्या खिशातला खडू घेऊन तिनं पत्र्यावर चाक काढलं. टायर अरुंद पाहिजेत. मडगार्ड वरून कापायचे. आणि गाडीचं पोट जमिनीपासून उचलायचं, कारण रानातून ओढताना पोटाखाली नांगरटीसारखी रेघ उमटलेली तिनं पाहिली होती.

उस्ताद म्हणाले, "बाई, बनानेवाले सोचकोच बनाए रहते."

"त्यांनी आमची काळी बघितली होती का?"

उस्तादांनी बराच वेळ त्या खडूच्या चित्राकडं पाहिलं. मग गाडीखाली गेले. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता. गाडीचं वजन ज्यांच्यावर तोललेलं असतं ते कमानपाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांचे जुडगे, एक्सलच्या खालून बांधलेले होते. तेच सोडवून एक्सलच्या वर बसवले तर गाडी आपोआप पाच इंच उचलली जाणार होती. बाहेरून काही आणायची गरज नव्हती.

टायर बदलून मडगार्ड कापणं सोपं होतं, हे काम मात्र सोपं नव्हतं. पाटे वर बसवायला नव्या बैठका वेल्डिंग करायच्या. गाडी उंच झाल्यावर शाफ्ट तिरका पडणार, म्हणून एक्सलचं नाक, म्हणजे शाफ्ट जिथं जोडतात ते टोक, थोडं वर वळवून बैठका बसवायच्या. किती वर, हा प्रश्न आला तेव्हा मला हुरूप आला. शाळेतला फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक मी घेऊन आलो, ओळंबा सोडला, आकडेमोड केली आणि कोन सांगितला. त्याप्रमाणे बैठका जोडल्या. गाडी बाहेर काढली आणि पाटे दबेपर्यंत पोती भरली, तर खालून असा धडधडाट सुरू झाला की शेडचे पत्रे वाजायला लागले.

अक्का खो खो हसत सुटली. "मास्तर, तू रिकाम्या गाडीचा कोन काढलास. आपल्याला मुगाची पोती न्यायचीत. वजन पडलं की गाडी खाली बसतीय, कोन बदलतोय."

उस्तादही हसले. मी वरमलो, पण तिचं बोलणं शंभर टक्के बरोबर होतं. मग हौद्यात वाळूची दहा पोती ठेवून आम्ही पुन्हा मापं घेतली, वेल्डिंग तोडलं, पुन्हा जोडलं. या वेळी गाडी गुपचूप चालली. आणखी एक गोष्ट तिच्याच नजरेला पडली. एक चाक दगडावर चढवलं तर दुसरं खाली लोंबकळायचं, आणि तिथली ब्रेकची रबरी नळी सतारीच्या तारेसारखी ताणली जायची. "ही तुटली तर?" ती एवढंच म्हणाली. उस्तादांनी कान धरले आणि लॉरीच्या लांब नळ्या बसवल्या. त्या दिवसापासून ते तिला 'बाई' म्हणायचं थांबले. 'अक्का' म्हणायला लागले, वयानं तिच्या दुप्पट असून.

त्या वर्षी मूग तोडणीला आला आणि पावसानं दोनच दिवसांची उघडीप दिली. उस्ताद मुद्दाम बसनं आले. अक्का चालवायला बसली, मी शेजारी, उस्ताद मागं हौद्यात उभे. रानात उतरताना तिनं पुढच्या चाकांना ताकद देणारी दांडी ओढली, दुसरा गिअर टाकला आणि एक्सलेटरवरचा पाय अजिबात हलवला नाही. गाडी डुलत, चिखल उडवत, पण न थांबता चालत राहिली. कापलेल्या मडगार्डमधून चिखलाचे गोळे उडून माझ्या धोतरावर पडत होते. ओढ्यात पाणी गुडघ्याच्या वर होतं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा आम्ही पलीकडच्या काठावर होतो आणि मागून उस्ताद ओरडत होते, "वाह अक्का, वाह!"

दोन दिवसांत तिनं सगळा मूग आणला. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर शेजाऱ्यांचाही आणला. त्यात बैल आणू का विचारणारा गृहस्थही होता. त्याची पोती तिनं स्वतः हात लावून चढवली.

पुढच्या वर्षी मात्र गाडी उलटली. तिरक्या बांधावरून येताना वरची बाजू उचलली गेली आणि भरल्या पोत्यांसह गाडी कुशीवर पडली. अक्काचा खांदा मोडला. मी दुबलगुंडीला पोचलो तेव्हा दाजी दुकान बंद करून उशाशी बसले होते. जन्मात पहिल्यांदा त्यांनी तिला नाही म्हटलं.

"आता ती गाडी नको. मला मूग नको. तू पाहिजेस."

अक्का पडल्या पडल्या छताकडं बघत होती. म्हणाली, "गाडीची चूक न्हाई. माझी हाय. मी उंच केली, पण रुंद केली न्हाई. उंच माणूस पाय फाकवून उभा राहतोय का न्हाई?"

दाजी उठून बाहेर गेले. तिसऱ्या दिवशी मी बिदरला निघालो तर तेही पिशवी घेऊन माझ्याबरोबर बसमध्ये बसले. शेडमध्ये जाऊन त्यांनी उस्तादांना विचारलं, "ती म्हणते तसं रुंद करता येतंय का?" कापडाशिवाय दुसऱ्या कशाची चौकशी करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. उस्ताद म्हणाले, "होता है." गाडी लॉरीच्या मागं बांधून आणवली, चाकांच्या रिमा उस्तादांनी उलट्या बसवल्या, त्यामुळं चाकं दोन्हीकडं बाहेर सरकली. गाडी पुन्हा उलटली तरी आतली माणसं चेपू नयेत म्हणून बसायच्या जागेवर त्यांनी जाड नळीची कमान जोडली. दाजी दिवसभर स्टुलावर बसून होते. प्रत्येक जोड पुसून, हातानं चाचपून बघत होते.

अक्काचा खांदा बरा झाल्यावर गाडी पहिल्यांदा त्याच बांधावर गेली. शेजारच्या सीटवर दाजी बसले. एक हात छातीवरच्या इष्टलिंगावर, दुसरा दरवाज्यावर. बांधावर गाडी कलली, खाली उभे असलेले आम्ही दोन पावलं मागं सरलो, आणि ती सरळ झाली. उतरल्यावर दाजींनी आधी इष्टलिंग कपाळाला लावलं. ते म्हणाले, "बरी चालवतीस," आणि हुमनाबादची बस गाठायला निघून गेले. अक्का त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत उभी होती. मला म्हणाली, "बघितलंस? ह्याला हिंमत म्हणतेत."

दहा-बारा पावसाळे ती गाडी चालली. गावात कुणाची बाळंतीण अडली, कुणाची म्हैस ओढ्यात अडकली, की माणसं अक्काच्या दारात यायची. उस्तादांनी नंतर औरादच्या, भालकीच्या गाड्याही तशाच उंच केल्या. कुणी तारीफ केली तर सांगायचे, "मेरा काम नहीं, एक अक्का का है." कारागीर माणूस आपलं श्रेय असं दुसऱ्याला देत नाही. मी तरी दुसरा पाहिला नाही.

मग रानापर्यंत खडीचा रस्ता झाला, ओढ्यावर पूल आला, ट्रॅक्टर आले. अक्कानं गाडी आळंदच्या एका तुरीच्या व्यापाऱ्याला दिली. त्याला नीट चालवता येईना, म्हणून ती स्वतः गाडीबरोबर आळंदला गेली आणि त्यांच्या घरी तीन दिवस राहून आली. मी विचारलं, "शिकला का तो?"

"तो न्हाई शिकला, लई घाबरट हाय," ती म्हणाली. "त्याच्या बायकोला शिकवून आले."